फुंकरीचा वास

परवा दुपारी कपाटावरची धूळ पुसताना लेकीने दिलेली मेणबत्ती हाताला लागली. जाड काचेच्या पेल्यातली, व्हॅनिलाच्या वासाची. दिली तेव्हा पांढरीशुभ्र होती, आता जुन्या कागदासारखी पिवळट झालेली. आपण काहीतरी वेंधळेपणा केला म्हणून मी जरा ओशाळले. ते ओशाळणं फुकटच गेलं, कारण व्हॅनिलाच्या वासामागचं जे व्हॅनिलिन असतं ते मेणाला हळूहळू पिवळं, पुढे तपकिरी करतंच. त्यात माझा काही हात नव्हता. माझा हात होता तो आतल्या प्रकारात. पेल्याच्या मधोमध चांगली दोन बोटं खोल विहीर पडली होती. तळाशी काळी, बुटकी वात आणि भोवती न वितळलेल्या मेणाचा उभा कठडा.

ही विहीर मीच खणलेली. संध्याकाळी लावायची, खोलीत जरासा वास पसरला की फुंकर मारायची. चार दिवसांनी पुन्हा दहा मिनिटं. एवढी सुंदर वस्तू, संपून कशी जाऊ द्यायची? लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली. "आई, पहिल्यांदा लावताना तिला कडेपर्यंत वितळू द्यायची असते गं. तीन इंच रुंद असेल तर तीन तास."

इंचाला एक तास, असा हिशोब आहे म्हणे. पहिल्या वेळी मेण जिथवर वितळतं, पुढच्या वेळीही साधारण तिथवरच वितळतं, आणि मग ज्योत त्याच गोलात खाली खाली उतरत जाते. याला मेणबत्तीची स्मरणशक्ती म्हणतात. शिवाय वास काही ज्योतीतून येत नाही, तो येतो भोवतीच्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. तळं जेवढं पसरट, तेवढा वास जास्त. म्हणजे मी वर्षभर वास वाचवत होते आणि त्या वाचवण्यापायीच तो येत नव्हता.

उपायही लेकीनेच सांगितला. पेल्याच्या तोंडावर अॅल्युमिनियमची फॉइल टोपीसारखी बसवायची, मधे भोक ठेवायचं आणि मेणबत्ती लावून द्यायची. उष्णता आत कोंडते आणि कठडा वितळतो. आधी वात कातरायची होती, पाऊण सेंटिमीटरच्या आत. माझी तर मुळातच बुडालेली. थोडं मेण कोरून तिला वर काढावं लागलं. मग लावली, आणि पंखा बंद केला. पंख्याखाली ज्योत फडफडते, धड जळत नाही आणि काचेवर काजळी धरते. नवरा आतून येऊन वर बघत म्हणाला, "लाइट गेली का?"

गेली नाही, म्हटलं. पण त्याने तो शब्द काढला खरा.

तासभर तिथे बसायचंच होतं. घामाघूम होऊन, टाचणीएवढ्या ज्योतीवर नजर ठेवून. जळती मेणबत्ती सोडून उठायचं नाही, हे काही मला लेकीने शिकवावं लागलं नाही.

मागच्या महिन्यात तिच्याबरोबर मेणबत्त्या घ्यायला गेले होते, ते आठवलं. दुकानात सगळे जण झाकणं उघडून नाक खुपसत होते. कोणी डोळे मिटून, कोणी कपाळाला आठी घालून, एक गृहस्थ तर बायकोने पुढे केलेल्या प्रत्येक पेल्यावर "छान आहे" एवढंच म्हणत होते, आणि तीच भूमिका शहाणपणाची होती. कारण पाचव्या-सहाव्या पेल्यापाशी नाक मरतं. गुलाब, चंदन, समुद्र, सगळ्याचा वास एकच येतो: मेणबत्तीच्या दुकानाचा. त्यावर उतारा म्हणून एका वाटीत कॉफीच्या बिया ठेवल्या होत्या. मीही भक्तिभावाने हुंगल्या. नंतर कळलं की 2011 साली कोणीतरी हा प्रयोग करून पाहिला होता. कॉफीच्या बिया, लिंबू आणि नुसती हवा, तिन्हींनी नाकाला सारखाच आराम पडला. दाराबाहेर जाऊन दोन श्वास घेतले असते तरी भागलं असतं. आणि थंड मेणाचा वास हा तसाही निम्माच वास. लावल्यावर ती काय रंग दाखवेल ते घरी गेल्याशिवाय कळत नाही. स्थळं बघण्याच्या कार्यक्रमासारखंच आहे हे थोडंसं.

नावांची तर वेगळीच मजा. गुलाबाला गुलाब म्हणणं आता मागे पडलंय. 'धुतलेली चादर', 'जुनं ग्रंथालय', 'पाऊस पडून गेल्यावर'. धुतलेल्या चादरीला धुतलेल्या चादरीचा वास येतो हे कबूल, पण मग चादरच का धुऊ नये? जुन्या पुस्तकांचं मात्र पटलं. कागदात लाकडातून आलेलं लिग्निन नावाचं द्रव्य वर्षानुवर्षं कुजत राहतं, त्यातून व्हॅनिलासारखा एक गोडसर वास सुटतो. गंमत म्हणजे 1874 साली जर्मनीत व्हॅनिलिन पहिल्यांदा प्रयोगशाळेत बनलं तेही पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून. म्हणजे माझ्या पेल्यातल्या पिवळ्या मेणाचं पुस्तकांच्या कपाटाशी लांबचं का होईना, नातं निघतं. पावसाच्या वासाला 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आपलं 'मृद्गंध' त्याहून कितीतरी बरं. मी तीच घेतली, पावसाची. लेक म्हणाली, "बघ हं, घरी गेल्यावर नुसताच साबणासारखा वास येईल." मी म्हटलं, येऊ दे. पाऊस तरी दर वेळी कुठे सांगितल्यासारखा येतो!

फॉइलखाली कठड्याचा काठ आता ओलसर चमकायला लागला होता.

आमच्या लहानपणी मेणबत्ती ही वास घेण्याची गोष्ट नव्हती. ती टेबलाच्या दुसऱ्या खणात, काडेपेटीच्या शेजारी, अंधारात चाचपडत गेलं तरी हाताला लागेल अशी ठेवलेली असे. लाइट गेली की आधी सगळे एका सुरात "गेलीऽऽ" म्हणायचे, जणू न सांगता कोणाला कळलंच नसतं. मग आईचा आवाज यायचा, "कोणी हलू नका." मग खण उघडल्याची खरखर, काडी ओढल्याचा आवाज, आणि अंधारातून आईचे आधी हात, मग हनुवटी, मग सबंध चेहरा वर यायचा. बशीत दोन थेंब मेण गाळून त्यावर ती मेणबत्ती घट्ट उभी करायची. आम्ही सगळे त्या बशीभोवती. एरवी चार जण चार खोल्यांत; लाइट गेली की घर एका बशीएवढं.

दादाचा एक खेळ होता. तो मेणबत्ती विझवायचा (आई ओरडायची), वातीतून पांढऱ्या धुराची दोरी वर निघाली की त्या धुरालाच वरून पेटती काडी लावायचा. ज्योत धुरावरून सुर्रकन खाली उतरून वातीवर बसायची. वातीला हात न लावता! मला ती जादू वाटे. जादू कसली, मेणबत्तीत मेण जळतच नाही, मेणाची वाफ जळते, आणि तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलं मेणच. लंडनमध्ये 1860 च्या नाताळात मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यात हाच खेळ करून दाखवला होता. दादाला फॅरडे ठाऊक नव्हता. त्याला फक्त आईचं ओरडणं ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्याचं उत्तम चाललं होतं.

माझा खेळ बोटांचा. वातीभोवतीच्या तळ्यात बोटाचं टोक पटकन बुडवून बाहेर काढायचं. क्षणभर चटका, मग गारवा, मग बोटावर पांढरी टोपी. अशा पाच बोटांना पाच टोप्या. सुकल्या की अलगद उतरवायच्या आणि ज्योतीशी धरून आत बघायचं. आत आपल्या बोटाच्या सगळ्या रेषा उलट्या उमटलेल्या असत, एकात एक गेलेल्या. बाबा एरवी असल्या पोरखेळांत नसायचे. पण अंधारात वाचता येत नसे, ऑफिसचे कागद बाजूला पडत आणि मग तेही अंगठा पुढे करायचे. त्यांची टोपी मोठी, आमच्या दोन टोप्या तिच्यात मावत. त्यांच्या अंगठ्यावर एक आडवा व्रण होता, लहानपणी विळीवर कापलेला. तोही मेणात उमटायचा, रेषांच्या मधून गेलेली एक बारीक रेघ. मी ती टोपी उजेडाशी धरून खूप वेळ बघत बसे.

आणि मग लाइट यायची. "आलीऽऽ!" सगळं पांढरंफटक. डोळे बारीक करून एकमेकांकडे बघायचं, बाबा कागद ओढणार, दादा पसार होणार. आई आधी फुंकर मारायची. एक सेकंद वाया नाही. लाइट आल्यावर मेणबत्ती जळत राहणं हा आमच्या घरात जवळजवळ गुन्हा होता. नंतर ती बशीत सांडलेलं मेण सुरीने खरवडायची, तुकडे गोळा करायची, आमच्या टोप्याही त्यातच, आणि सगळं एका पत्र्याच्या डब्यात. डबा भरला की वितळवून, मधे सुताचा पीळ सोडून, त्यातून एक बेढब, मळकट मेणबत्ती तयार होई. तीच पुढच्या वेळी.

तर माझ्या हाताला लागलेली सवय ही. दहा मिनिटांत फुंकर मारणं म्हणजे काटकसर नसावी. कानांना कुठेतरी अजून "आली" ऐकू येत असेल.

सुगंधी मेणबत्त्यांच्या जगात फुंकर मारणं वाईट समजतात, हेही मला लेकीकडूनच कळलं. धूर होतो, सुगंधाचा विचका होतो. त्यापेक्षा दांड्याची छोटी टोपी ज्योतीवर धरा, किंवा वात चिमट्याने मेणात बुडवून लगेच सरळ करा, अजिबात धूर होत नाही. मला तिने त्या कामाची सुबक आकडीही आणून दिली आहे. ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे आणि ती तिथेच राहणार आहे. कारण खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकारातला मला मनापासून आवडणारा वास हाच आहे, विझल्यानंतरचा. जरासा करपट, जरासा तेलकट, नाकात किंचित बोचणारा. त्यात पाऊस नाही की ग्रंथालय नाही. तो पेल्यात भरून कोणी विकत नाही, आणि गंमत अशी की प्रत्येक पेल्यात तो असतोच. व्हॅनिलाची विझवा की चंदनाची, शेवटी तोच येतो. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग साधी पांढरी मेणबत्ती आण ना. बरोबर आहे तिचं. पण साधी मेणबत्ती उगाचच लावायला काही निमित्त लागतं, आणि लाइट हल्ली जातच नाही. गेली तरी खालचं जनरेटर सुरू होतं, कोणाला "गेलीऽऽ" म्हणायलाही सवड मिळत नाही.

तासाभराने फॉइल काढली. कठडा गेला होता. काठापासून काठापर्यंत पारदर्शक, सोनेरी तळं, आणि खोलीभर व्हॅनिला, वर्षभराचा साठलेला. नवरा पेपर खाली करून म्हणाला, "वा." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता ती तशीच अजून तासभर ठेवायला हरकत नव्हती. मी फुंकर मारली. धुराची दोरी वर गेली, मोडली, पसरली. मी तिच्यात नाक घालून बसले. आणि मग, कोणी बघत नाही असं पाहून, तळ्यात अंगठा बुडवला.

चटका फारसा बसला नाही. पेल्यांत ओततात ते सोयाचं मेण मऊ असतं, लवकर वितळतं. थांबले. फुंकर घातली, हात हवेत हलवला. पण त्या मेणाची टोपी होत नाही. उतरवायला गेले तर मलमासारखं चोळामोळा होऊन बोटभर पसरलं. रेषा नाहीत, काही नाही.

तो मळकट डबा घर आवरताना कधीतरी गेला. त्यातल्या टोप्या त्याच्याही आधी, एकेका रात्री, एकेक करून जळून गेल्या होत्या. आमच्याच डोळ्यांदेखत, आमच्याच उजेडासाठी. आम्ही तेव्हा गाण्याच्या भेंड्या खेळत असू.

साबणाने दोनदा हात धुतला. तरी रात्री झोपताना अंगठ्याला व्हॅनिलाचा वास येत होता.