दुधनीच्या अलीकडं की पलीकडं

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, निम्मं ठाणं होम मैदानावर बंदोबस्ताला आणि ठाणे अंमलदार म्हणून खुर्चीत मी. दुपारी एक आजी आली, पूर्व भागातली, बिडी वळणारी, बोटांवरून लगेच कळतं. आमच्याआधी दोन ठिकाणी जाऊन आलेली. गाणगापूरहून पॅसेंजरनं येताना पिशवी गेली. त्यात पासबुक, बिडी कामगाराचं कार्ड, नातीचे पैंजण आणि अंगारा. अंगाऱ्याचं तिनं दोनदा सांगितलं.

लोकांना वाटतं पोलीस म्हणजे सगळं एकच खातं. स्टेशनवर खाकीतले दोन जण दिसतात ना, त्यातला आरपीएफवाला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, केंद्राचा, आणि प्रवाशाच्या चोरीचा गुन्हा घेणारे लोहमार्गवाले राज्याचे, आम्ही शहरवाले तिसरेच. देशाचं असं एक पोलीस दल नाहीच, घटनेत पोलीस हा विषय राज्याच्या यादीत आहे. ऊठसूट लोक म्हणतात सीबीआयला द्या, ती सीबीआयसुद्धा 1946 च्या दिल्लीसाठी केलेल्या कायद्यावर चालते आणि राज्यात यायचं तर राज्याची संमती लागते, कोर्टानंच सांगितलं तर गोष्ट वेगळी. आजीला हे काय सांगणार.

लोहमार्गातल्या एका ओळखीच्याला फोन लावला. तो म्हणाला, आधी विचार की चोरी कुठं झाली, दुधनीच्या अलीकडं असेल तर आपलं, पलीकडं असेल तर कर्नाटक. मग मी विचारत बसलो. आजी, झोप कुठं लागली? गाणगापूर सोडल्यावर. दुधनीला जाग होती का? होती बहुतेक, भजीवाला ओरडत होता. पिशवी तेव्हा होती का? आता झोपलेल्या माणसाला हे कसं कळावं. तरी मी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "सायेब, कुठं म्हणलं तर तुमी लिहून घेता?"

मी गप्प झालो.

खरं तर विचारायची गरजच नव्हती. चालत्या प्रवासात झालेला गुन्हा गाडी ज्या ज्या हद्दीतून गेली तिथल्या कोर्टात चालू शकतो, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, सीआरपीसीतही होतं आणि तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, बीएनएसएसमध्येही आहे. आणि 1 जुलै 2024 पासून तर तिच्या कलम 173 मध्येच लिहिलंय, हद्द कुठलीही असो, फिर्याद घ्यायची. झिरो नंबरनं घ्यायची आणि ज्यांची हद्द त्यांच्याकडं वर्ग करायची, एवढंच. हे मला पाठ आहे, ट्रेनिंगला मीच दुसऱ्यांना सांगितलंय. पण पैंजणाच्या चोरीचा कागद वाढवणं कुणालाच नको असतं, महिन्याच्या क्राइम मीटिंगला उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांची उत्तरं साहेब लोकांना द्यावी लागतात, ती खाली आमच्यापर्यंत येतात. म्हणून हद्दीचा प्रश्न सगळ्यांना आवडतो, मलापण.

ठाण्याच्या पीआय साहेबांना, म्हणजे पोलीस निरीक्षकांना, फोन केला, ते म्हणाले घे. फिर्याद टाइप करायला घेतली. सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत देशभरातली ठाणी एका जाळ्यात आणलीयत, तरी त्या दिवशी सर्व्हर असा रडत होता की काय सांगू. घटनास्थळाच्या रकान्यात शेवटी मी "धावत्या रेल्वेत, गाणगापूर रोड ते सोलापूर दरम्यान" असं लिहिलं. न्याय संहितेचं कलम 305 लावलं, वाहनातून चोरीचं. पैंजणाची किंमत विचारली तर म्हणाली, "दोन हजार लिवा, नाहीतर तुमाला वाटंल तेवढं." मी दोनच हजार लिहिले. अंगारा मुद्देमालात घातला नाही.

प्रत फुकट देतात हे तिला खरंच वाटेना, पदराची गाठ सोडायला लागली. कागद हातात घेऊन विचारलं, "यावर सोलापूरच लिवलंय ना?"

वरती आमच्या ठाण्याचं नाव होतं आणि गुन्हा नंबरच्या जागी शून्य. मी हो म्हणालो. तिनं घडी घालून तो ब्लाऊजमध्ये ठेवला. कागद दुसऱ्या दिवशी लोहमार्गला गेला, पुढं दुधनीच्या कुठल्या बाजूला गेला ते विचारायला मी अजून फोन केलेला नाही.