विमानाच्या रिब मठारताना

मी ओहायोत घरच्या गॅरेजमध्ये झेनिथ सीएच ७५० बनवतोय, दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान. किट नाही घेतलं, फक्त ड्रॉइंग घेतले. किटमध्ये रिब, म्हणजे पंखाला आतून आकार देणारे पत्र्याचे आडवे तुकडे, प्रेसमधून तयार होऊन येतात आणि इथल्या नियमाने निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं की चालतं, त्यामुळे बरेच जण किटच घेतात, पण मला पत्रा हाताने वळवायचा होता. मूळचा मी पुण्याचा, आजोळ कसब्यात, लहानपणी तांबट आळीत दारात उभं राहून भांडी मठारताना तासन् तास बघितलीयत, ते डोक्यातून कधी गेलंच नाही.

सुरुवात नोज रिबपासून केली, म्हणजे पंखाच्या पुढच्या गोल कडेच्या आत असते ती. पत्रा ६०६१-टी६, म्हणजे हीट ट्रीटमेंटने कडक केलेलं ॲल्युमिनियम, जाडी ०.०२५ इंच, पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. एमडीएफचे दोन ठोकळे रिबच्या आकारात कापले, पत्रा मधे धरून बोल्टने आवळायचा आणि बाहेर राहिलेली कड ठोकून काटकोनात पाडायची. पत्रा जिथे वळतो तिथे ठोकळ्याची कड गोल करून घ्यायची, मी १/८ इंच रेडियस ठेवली, टोकदार राहिली तर पत्रा तिथेच तडकतो. पत्रा वळल्यावर थोडा परत उसळतो म्हणून ठोकळ्याची बाजू ५ अंश आत तासली.

पहिल्या रिबला मी एका टोकापासून सरळ ९० अंश पाडत गेलो आणि नाकाशी पोचेपर्यंत सगळा पत्रा लाटांसारखा गोळा झाला. कारण असं की बाहेरच्या गोलाईवरची कड आडवी असताना लांब असते आणि वळल्यावर तिला कमी जागा मिळते, जास्तीचा पत्रा कुठेतरी जायलाच हवा. मग दुसऱ्या रिबला लाकडी हातोड्याने आधी पूर्ण लांबीभर थोडंसंच पाडलं, मग परत पहिल्यापासून, असे पाच फेरे घेतले, आणि जास्तीचा पत्रा फ्लूटिंग प्लायरने छोट्या चुण्या पाडून आत घेतला, चुण्या रिव्हेटच्या जागा सोडून मधे मधे. ही चुणी फार महत्त्वाची आहे कारण ती नसेल तर अख्खी रिब धनुष्यासारखी वाकडी राहते आणि जास्त दाबली तर उलट बाजूला वाकते, एकेक चुणी दाबून दर वेळी टेबलावर ठेवून बघावं लागतं.

तिसऱ्या रिबला वजन कमी करायच्या भोकाची कड वळवताना तडा गेला. तिथे उलटं होतं, पत्रा ताणला जातो, आणि फ्लाय कटरने भोक पाडल्यावर कडेला राहिलेल्या बारीक ओरखड्यापासूनच तडा सुरू झाला होता. खूप वाईट वाटलं, पाच तासांचं काम होतं ते. तेव्हापासून प्रत्येक कड कानस, मग बारीक पॉलिश पेपर, मग नख फिरवून बघतो, नख अडकलं तर परत घासतो. खुणाही मार्करनेच करतो, सुईने ओढलेली रेघ वळणावर आली तर तिथून तडा जातो आणि पेन्सिलीच्या शिशाने ॲल्युमिनियम गंजतं.

तांबट आळीत तांबं ठोकून कडक झालं की भट्टीत घालून परत मऊ करतात आणि पुढे ठोकतात. टी६ला तसं करता येत नाही, त्याची ताकदच हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते, तापवला की ती गेली. म्हणून तडा गेलेली रिब वेल्ड करून वाचवायचा विचारही केला नाही, सरळ भंगारात टाकली. त्या पंखाखाली माझी बायको बसणार आहे.

काल शेवटची नोज रिब काचेवर ठेवून चारी बाजूंनी बोटाने दाबून बघितली, कुठेच डुगडुगली नाही. शनिवारपासून मागच्या रिबचे ठोकळे कापायला घेतोय.