६० हर्ट्झची घरघर

साउंडवाल्याला भाषण ऐकायचं नसतं, आवाज ऐकायचा असतो. वक्ता देवाबद्दल बोलतोय की घरपट्टीबद्दल, माझं बोट फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर. २३ ते २५ जानेवारी २०१५ ला अमेरिकेत, प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेत), अमेरिकेच्या ड्रोनयुद्धावर आंतरधर्मीय परिषद झाली. मी मिक्सरवर, कंत्राटी. दीडशेच्या आसपास लोक: ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, शीख. 'ठराव करून ड्रोन खाली उतरतात होय?' असं मनात म्हणतच केबली अंथरल्या.

शनिवारी बाहेर बर्फ आणि आत स्पीकरमधून घूंऽऽ. ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या घोळातून विजेची घरघर आवाजात शिरणं. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून घरघर ५० हर्ट्झची, इथे ६०. पट्टी जरा वरची, ताप तोच. एकेक केबल उपटत गेलो. शेवटी स्टेजवरच्या एका लॅपटॉपचा चार्जर सापडला. काढला, हॉल शांत.

मग एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०१२, पाकिस्तानातलं उत्तर वझिरिस्तान, ईदच्या तोंडावर शेतात भेंडी तोडणारी आजी ड्रोनच्या क्षेपणास्त्राने गेली, नातवंडं जखमी झाली. वर्षभराने ती मुलं वॉशिंग्टनला साक्षीला आली. ऐकायला अमेरिकेचे खासदार आले पाच. सांगता सांगता दुभाष्यालाच रडू फुटलं. नातू म्हणाला, मला आता निळं आभाळ आवडत नाही. आभाळ भरून आलं की ड्रोन उडत नाहीत.

भेंडीशी मी अडकलो. कराडला माझी आजी हाताला फडकं गुंडाळून भेंडी तोडायची, लव खाजते म्हणून. बाई पुढे म्हणाल्या, तिथे डोक्यावर तासन्‌तास घरघर असते. माझं बोट उगाचच फेडरवर सरकलं.

जेवताना एक निवृत्त फौजी तडकले, "ड्रोन नको, मग काय, मोठे बॉम्ब टाकायचे?" प्रश्न खुळा नव्हता. शेजारची क्वेकर (युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) आजी म्हणाली, "पोरं पाठवली की शवपेट्या येतात, मग लोक विचारतात. ड्रोनमागे कोण विचारणार?" मला हे पटलं, अजूनही पटतं.

रविवारी पुण्याहून आईचा फोन: "ओबामा दिल्लीत आलेत, मोदींनी मिठी मारली बघ!" इकडे निवेदन तयार होत होतं: हल्ले थांबवा, आधीच्या हल्ल्यांचा हिशेब द्या, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मुभा देणारा २००१ चा कायदा रद्द करा. हिशेबाचं पुढे थोडंफार झालं. युद्धक्षेत्राबाहेरच्या हल्ल्यांत किती नागरिक मेले ते दरवर्षी जाहीर करायचं, असा आदेश ओबामांनी जुलै २०१६ मध्ये काढला. मार्च २०१९ मध्ये ट्रम्पनी ते कलम काढून टाकलं.

सामान आवरत होतो तेव्हा एक म्हातारे पाद्री चार्जर शोधत आले. हातात दिला.

"कालची ती घरघर माझ्यामुळे होती का?"

"हो," म्हटलं, "पण तुम्हाला कळणार कसं? तुम्ही स्पीकरच्या मागे बसला होतात."