एमबीए एचआर की एमएलएस? आधी परळच्या या संस्थेबद्दल वाचा

मे-जून आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, मुलगी बीकॉम झालीये, एचआर करायचं म्हणतेय, पुण्यात कुठलं कॉलेज चांगलं. मी पुण्यातल्या कॉलेजच्या आधी मुंबईतल्या परळच्या एका संस्थेचं नाव घेते आणि बहुतेकांनी ते ऐकलेलंच नसतं. नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. राज्य सरकारच्या कामगार विभागाची आहे, सुरू झाली १९४७ ला, म्हणजे ज्या वर्षी औद्योगिक विवाद कायदा आला त्याच वर्षी. तिथे एमएलएस म्हणजे मास्टर ऑफ लेबर स्टडीज हा दोन वर्षांचा कोर्स आहे, मुंबई विद्यापीठाची डिग्री, आणि शिवाय कामगार खात्याचे अधिकारी, युनियनचे कार्यकर्ते, कंपन्यांचे मॅनेजर यांच्यासाठी ट्रेनिंग घेणं हेही तिचं काम.

ज्यांचं नाव संस्थेला दिलंय ते लोखंडे मूळ पुणे जिल्ह्यातल्या कान्हेरसरचे. जोतीराव फुल्यांचे सहकारी. 'दीनबंधु' हे पत्र १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी इथे पुण्यातच काढलं, ते पुढे मुंबईत लोखंड्यांनी चालवलं, गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. १८९७ च्या प्लेगमध्ये ते गेले. चाकणला सकाळी बसमधून उतरणाऱ्या किती पोरांना हे माहीत असेल? शाळेत एवढं तरी शिकवायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आता एचआरबद्दल. भोसरी-चाकणच्या कारखान्यांमध्ये माझी बरीच वर्षं गेली, आधी पर्सनल म्हणायचे मग एचआर झालं, आणि नवीन येणारी मुलं बघते तर रिक्रूटमेंट येतं, एक्सेल येतं, इंग्लिश फाडफाड येतं, पण स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे लेखी नियम, कधी उघडून बघितलेली नसते. मग गेटवर एखादा टेम्पररी मुलगा विचारतो की मॅडम मला सात महिन्यांवर ब्रेक देऊन कामावरून कमी का करताय, तर उत्तर काय देणार? सात महिन्यांचा ब्रेक म्हणजे काय हे पुण्याच्या इंडस्ट्रियल बेल्टमध्ये पोराटोरांना पाठ आहे, पण त्यामागचं २४० दिवसांचं गणित फार थोड्यांना नीट माहिती असतं. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की एक वर्ष सलग सेवा धरायची, मग काढताना नोटीस आणि नुकसानभरपाई लागते, आणि महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये तर टेम्पररीला कायम करण्याची तरतूदही याच २४० वर होती, म्हणून २४० भरायच्या आधीच ब्रेक. ते दिवस मोजताना फक्त प्रत्यक्ष हजेरी नाही, पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या हे सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच सांगितलंय. ही गोष्ट मोजणाऱ्यालाही कळायला हवी आणि ज्याचे दिवस मोजले जातायत त्यालाही.

तसंच सेटलमेंटचं. तीन वर्षांचा करार झाला, पेढे वाटले, फोटो झाला. पण तो आपसात केला की कन्सिलिएशन ऑफिसरसमोर, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, ज्याला आपल्याकडे सगळे जुन्या कायद्याच्या कलम १२(३) वरून 'बारा-तीन' म्हणतात? आपसातला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो आणि बारा-तीनचा त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना, दुसऱ्या युनियनचे असोत नाहीतर कुठल्याच नसोत. नव्या लेबर कोडमध्ये, म्हणजे नव्या कामगार कायद्यात, कलमांचे नंबर बदलले, तत्त्व तेच आहे.

आणि कोडमुळेच मला हे आत्ता लिहावंसं वाटलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड लागू झाले, २९ जुने कायदे त्यात गेले. ले-ऑफ (काम नसल्यानं तात्पुरतं घरी बसवणं), कामगार कपात, कारखाना बंद करणं यासाठी सरकारची परवानगी आधी १०० कामगारांपासून लागायची ती आता ३०० पासून, संपाला १४ दिवसांची नोटीस, निम्म्या किंवा जास्त लोकांनी एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तरी तो संप, ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा एकटीला हक्क, पगारातले भत्ते ५० टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. यातली एकेक गोष्ट चाकण, रांजणगाव, तळेगावच्या माणसाच्या पगारावर आणि नोकरीवर जाते. माहिती मिळते कुठून तर व्हॉट्सॲपवरून, तीही अर्धवट. मॅनेजमेंटवाले कन्सल्टंटची सेमिनार करतात, युनियनवाले आपापल्या वकिलाकडे जातात आणि टेबलावर दोघं वेगवेगळा कायदा वाचून येतात, मग भांडण मुद्द्यावर न होता माहितीवरच होतं.

सरकारी संस्थेचं महत्त्व मला इथेच वाटतं. ती ना मालकाची ना युनियनची, तिथे एकाच वर्गात दोघांना बसवता येतं आणि सोबत कामगार खात्याचा अधिकारीही. हे काम दुसरं कोण करणार?

माझी मागणी साधी आहे. परळच्या या संस्थेनं पुणे पट्ट्यात, वाकडेवाडीच्या कामगार ऑफिसच्या मदतीनं म्हणा किंवा भोसरीत एखादा हॉल घेऊन म्हणा, वर्षभर नियमित दोन-दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत, मराठीत, आणि शिफ्टमधून येणाऱ्याला जमतील अशा वेळी. मॅनेजरला कंपनी पाठवेल, तो प्रश्न नाही. कामगाराला पाठवायला मात्र रजा लागते आणि त्या रजेचा पगार कापला तर कुणी येणार नाही. म्हणून युनियनचे कमिटी मेंबर वाचत असतील तर त्यांना सांगते, पुढच्या चार्टर ऑफ डिमांडमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, पगार, बोनस, कँटीनच्या खाली एक ओळ घाला: प्रतिनिधींना ट्रेनिंगसाठी पगारी रजा. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली बाई आहे आणि ही मागणी मान्य करण्यात कंपनीचाही फायदा आहे असं ठामपणे सांगते.