बर्लिन: शनिवारी रात्री क्लबच्या रांगेत उभे राहू नका

परत येऊन दोन दिवस झाले तरी कानात अजून घूं चाललंय आणि पोटऱ्या भरून आल्यात, त्यामुळे लिहिणं थोडं तिखट झालं तर चालवून घ्या.

आम्ही दोघे, मी आणि माझा कॉलेजचा मित्र. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, शुक्रवार ते सोमवार. शुक्रवारी ऑगस्टस्ट्रासेवरच्या क्लेर्शेन्स बालहाउसला गेलो. 1913 पासूनचं नाचघर आहे, छान आहे, आईवडिलांनाही नेता येईल. त्याबद्दल एवढंच.

आता शनिवार. नेटवर जो तो सांगतो: काळे कपडे घाला, दोघांहून जास्त जाऊ नका, हसू नका, जर्मनमध्ये बोला. हे सगळं पाळून आम्ही रात्री साडेबाराला एका मोठ्या क्लबच्या रांगेत लागलो. नाव घेत नाही. साडेतीन तास! तापमान 5 अंश, स्प्रे नदीवरून येणारा वारा, आणि मागच्या टोळक्याच्या बिअरच्या बाटल्या पायात गडगडतायत. दारापाशी पोचलो. बाउन्सरने आमच्याकडे जेमतेम दोन सेकंद पाहिलं, मान हलवली, हाताने बाजूची वाट दाखवली. कारण विचारलं तर उत्तर नाही. शिर्डीच्या रांगेत निदान शेवटी दर्शन तरी होतं.

ते काळ्या कपड्यांचं थोतांड विसरा. रांगेतले नव्वद टक्के काळ्यातच होते आणि परतही काळ्यातलेच येत होते. आमच्यापुढची पिवळ्या रेनकोटातली मुलगी आत गेली.

खरी चीड पुढे आहे. परतताना वार्शाउअर स्ट्रासे स्टेशनच्या पुलावर एकाने गाठलं. म्हणाला, दुसऱ्या क्लबच्या गेस्टलिस्टमध्ये नावं घालतो, माणशी 30 युरो. पहाटे चार वाजता, नाक कापलं गेलेलं असताना, माणूस कशालाही हो म्हणतो. 60 युरो दिले. त्या क्लबच्या दारात यादीत आमचं नाव नव्हतंच, कुठून असणार? गेस्टलिस्ट रस्त्यावर विकत मिळत नाही. हे वाक्य पाठ करून जा.

मित्राकडच्या क्लबांच्या जुन्या यादीत ओबरबाउम पुलाजवळचं वॉटरगेटही होतं. तिथे पोचल्यावर कळलं, ते 2024 च्या अखेरीस कायमचं बंद झालंय. तेव्हा यादी कुणाचीही असो, निघायच्या दिवशी एकदा तपासा.

मग चिडून झोपलो आणि झोप भरून काढून रविवारी दुपारी बाराला, दाढी न करता, शनिवारचाच स्वेटर घालून तिसऱ्याच एका क्लबात गेलो. वीस मिनिटांत आत! मुद्दा हाच आहे. पश्चिम बर्लिनमध्ये क्लब बंद करायची सक्तीची वेळ 1949 सालीच उठली. हाइन्झ त्सेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्याने अमेरिकन अधिकाऱ्याला व्हिस्की पाजून ती उठवून घेतली, असं सांगतात. म्हणजे मोठ्या क्लबांत शनिवारी रात्री सुरू झालेला नाच सोमवार सकाळपर्यंतही चालतो. आपण मात्र मुंबईच्या सवयीने बारा वाजताच धावत सुटतो. रविवारी जा. नाचायला जागा असते आणि खरे नाचणारे तेव्हाच असतात.

ट्रेझोर या क्लबला मात्र रात्रीच गेलो, आणि त्याला तोड नाही. 1991 साली तो व्हेर्टहाइम या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत सुरू झाला, म्हणून नाव ट्रेझोर, म्हणजे तिजोरी. 2005 मध्ये ती जागा गेली आणि 2007 पासून तो क्योपेनिकर स्ट्रासेवरच्या जुन्या वीजकेंद्रात आहे. तळघरात लोखंडी गज, धूर, लखलखणारे दिवे. स्वतःचा हात दिसत नाही. ढोलताशा पथकात वाजवलेलं असेल तर छातीत घुसणाऱ्या ठोक्याची सवय असेल, पण तिथे मिरवणूक पुढे सरकते, इथे तुम्ही भिंतीत अडकलेले असता. इअरप्लग घरूनच न्या. मी नेले नाहीत, म्हणून हे घूं.

बाकी बारीकसारीक. पासपोर्ट खरा ठेवा, मोबाइलमधला फोटो दारात चालेलच असं नाही. रोख न्या, कोट ठेवायला सुट्टी नाणी लागतात. बऱ्याच ठिकाणी फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तो आत काढलात तर बाहेर जाल, आणि तिथे मी क्लबच्याच बाजूने. शुक्रवार-शनिवार रात्रभर यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, चालते, टॅक्सीची गरज नाही. ट्रेझोरला यू 8 ने हाइनरिश-हाइन-स्ट्रासेला उतरा. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर पकडल्यावर 60 युरो दंड. गेस्टलिस्टवाल्याने आमच्याकडून उकळले तेवढेच.

रिकामी बाटली कचऱ्यात फेकू नका, डब्याशेजारी उभी ठेवा. ती दुकानात परत दिली की पैसे मिळतात आणि पहाटे त्या गोळा करत फिरणारे लोक असतात. त्या साडेतीन तासांत आमच्या रांगेत कमाई झाली ती फक्त त्यांचीच.