भोरड्यांचा रातथारा आणि हिवाळी हवा

‘कालपर्यंत या बाभळीत भोरड्या होत्या, आज एकही नाही,’ असं कुणी म्हणालं की थंडीला दोष देण्याआधी शेजारचा ऊस तुटला का ते बघावं. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. उरलेल्या वेळी मात्र हवाच.

मध्य आशियातून येणाऱ्या या भोरड्या, म्हणजेच पळसमैना, सोलापूर-बारामतीच्या पट्ट्यात एप्रिलपर्यंत असतात. दिवसभर ज्वारीत पांगतात आणि संध्याकाळी रात्र काढायला हजारोंनी एका जागी उतरतात. हाच त्यांचा रातथारा: वेडी बाभूळ, उभा ऊस नाहीतर पाण्यातलं पाणकणीस.

त्यांना जड जाते ती निरभ्र, वारा पडलेली रात्र. जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते आणि गार हवा ओढ्याच्या खोलगटात साचते. शेंड्यावरच्या पक्ष्याला वर उघडं आभाळ, म्हणून आतल्या फांदीसाठी अंधार पडेपर्यंत कलकलाट आणि ढकलाढकली चालते. जागा मिळाली की पिसं फुलवायची, चोच पाठीत खुपसायची. पाणकणसात आणखी एक सोय: खालचं पाणी सावकाश निवतं, शिवाय मांजर-मुंगूस तिथवर पोचत नाही.

वारा सुटला की पिसांत कोंडलेली ऊब टिकत नाही. मग थवे खालून येतात, घिरट्या आवरत्या घेतात आणि झाडीच्या आडोशाच्या बाजूला बसतात. हिवाळ्यात इकडे वारा बहुधा पूर्वेचा किंवा ईशान्येचा असतो. त्यामुळे सकाळी पांढऱ्या विष्ठेचा सडा पश्चिमेच्या, नैऋत्येच्या अंगाला जास्त दिसला तर रात्री वारं होतं असं समजावं.

मोजणी चुकते ती ढगाळ दिवशी. उजेड लवकर सरतो, पक्षीही लवकर बसतात आणि नेहमीच्या वेळी आलेल्याला अर्धाच थवा मिळतो. सूर्यास्ताआधी तासभर पोचावं, निदान शंभर मीटर लांब थांबावं. शंभर पक्ष्यांचा तुकडा नजरेत धरून येणारे थवे त्या मापाने मोजावेत. आकड्याशेजारी ढग आणि वारा लिहिला नसेल तर दोन संध्याकाळींची तुलना करण्यात अर्थ नाही.

अवकाळी पाऊस, त्यात गारपीट, हे सगळ्यात वाईट. भिजलेलं पीस ऊब धरत नाही आणि बाहेरच्या फांद्यांवरचे पक्षी खाली पडतात. असा पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, कोरड्या फडक्यावर, अंधारात ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. जखम किंवा मोडलेला पंख दिसला तर वनविभागाला कळवावं. नाहीतर अंग सुकून तो खोक्यात धडपडायला लागला की दिवसाउजेडी त्याच झाडीपाशी सोडावा.