बांबूची तलवार

रविवार, रात्र बरीच झाली

"ताई, एवढं सगळं झालं आणि शेवटी त्याने एकालाही मारलं नाही?" चपला घालता घालता मंदार बोलला आणि गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. मी मात्र भांडी आवरताना तेच घोळवत होते, आत्ताही तेच.

सिनेमा मीच हौसेने लावला होता. ताकाशी मिईकेंचा २०११चा 'हाराकिरी'. बांबूचा प्रसंग आला तशी वहिनी उठून आत गेली, ती परत आलीच नाही. आप्पांचे डोळे भरले होते, पण विचारलं तर म्हणाले, "फार लांबवलाय." मंदारला लढाई हवी होती. का नसावी? याच दिग्दर्शकाने आदल्या वर्षी तेरा मारेकऱ्यांची जुनी, १९६३ची गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली, तिचा अख्खा शेवट म्हणजे एक न संपणारी लढाई. मंदारच्या डोळ्यांसमोर तीच. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेतसुद्धा मतं दुभंगली होतीच. काहींना सिनेमा संथ वाटला, काहींना तो थ्रीडीत कशाला केला हेच उमगलं नाही. घरात वेगळं काही झालं नाही, हे कळतं. तरी वाईट वाटलं. ज्याने आपण आतून हलतो ते आपल्याच माणसांना शिवतही नाही, हे दर वेळी नव्याने लागतं. दादा असता तर... जाऊ दे.

पण खरं ते नाहीच बोचत. मंदारचा प्रश्न बोचतोय, कारण तो माझाही आहे.

मासाकी कोबायाशींचा १९६२चा सिनेमा मी कॉलेजात असताना पाहिला. गोष्ट हीच. १६३०चं एदो, म्हणजे जुनं टोकियो. लढाया संपलेल्या, सरदारांची घराणी मोडलेली, पोटाला नसलेले सामुराई दारोदार. एखाद्या वाड्यावर जाऊन म्हणायचं, तुमच्या अंगणात पोट चिरून मरू द्या. काही ठिकाणी चार पैसे देऊन परत पाठवतात. ई घराण्याच्या वाड्यात ठरतं की असं म्हणत आलेल्या एका पोराला, मोतोमेला, मरूच द्यायचं. त्याच्या तलवारी बांबूच्या निघतात. खऱ्या त्याने घरच्या हलाखीत विकलेल्या. त्याच बांबूने पोट चिरायला लावतात. मग त्याचा सासरा हान्शिरो त्याच अंगणात येऊन बसतो.

कोबायाशींचा हान्शिरो, तात्सुया नाकादाई, शेवटी खरी तलवार उपसतो. माणसं पडतात. घराण्याचं पूजेला मांडल्यासारखं चिलखत तो उचलून आपटतो. मी मुठी आवळून बघत होते, मोतोमेचं देणं फिटतंय असं वाटत होतं. आणि मिईकेंचा हान्शिरो? एबिझो इचिकावा बर्फात, एवढ्या पात्यांसमोर, बांबूची तलवार घेऊन उभा राहतो. माझ्या मुठी तशाच राहिल्या. आज दिवसभर तशाच आहेत.

मला नेमकं काय हवं होतं? जुन्या सिनेमातही काही फिटत नाही. मेलेले लोक आजाराने गेले, असं घराण्याच्या दप्तरात लिहून ठेवतात आणि चिलखत पुन्हा जागेवर बसतं. रक्त सांडलं ते फक्त मला बरं वाटावं म्हणून की काय? इतकी वर्षं मी ती लढाई मनात जपली. आणि खरा घाव घालणारा प्रसंग आधीच होऊन गेलेला असतो: मोतोमेचं प्रेत घरी येतं, कमरेला बांबू, आणि हान्शिरोला कळतं की घरात पोर तापाने फणफणत असताना स्वतःची तलवार विकायचं आपल्याला सुचलंही नाही. मिईके तिथूनच पुढे गेलेत असं मला आत्ता, लिहिता लिहिता वाटतंय. हे कळल्यावर त्या माणसाने खरं पातं उपसायचं तरी कशासाठी? तो जावयाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. जिंकायचं नव्हतंच त्याला.

पटतंय. राग मात्र गेला नाही. राहू दे.

योजी यामादांच्या २००२च्या सिनेमातही असाच एक आहे, सेइबेई. बायकोच्या अंत्यविधीसाठी तलवार विकलेला, म्यानात बांबू. ज्याला मारायला त्याला पाठवलंय, त्याच्याशी तो घरच्यासारखं बोलत बसतो, तलवार विकल्याचं सांगतो, आणि समोरचा भडकतो. बांबू घेऊन मला मारायला आलास? त्या भडकलेल्या माणसाची बाजू मला आज पहिल्यांदा कळली.

पुढच्या रविवारी यामादांचा हाच सिनेमा लावणार. मारामारी अगदी थोडी आहे, हे मंदारला आधीच सांगेन. आप्पा पुन्हा लांबवलाय म्हणतील. म्हणू देत.